‘प्रभू म्हणतो’ असे कोणी सांगितले, तर त्याची पारख करता येते का?

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावात सलाम. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात सांगतो. आपल्या वस्तीत दर शुक्रवारी भरणाऱ्या प्रार्थनासभेत एक ज्येष्ठ ताई संदेश देतात, म्हणजे प्रभूने आपल्याला कळवले म्हणून काही सांगतात. गेल्या दोन वर्षांत त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी, एकीची नोकरी आणि दुसरीचे बाळंतपण, खऱ्या ठरल्या आणि तेव्हापासून त्यांच्या शब्दाला सभेत फार वजन आले. मागच्या महिन्यात त्यांनी आपल्या २४ वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून, “प्रभू म्हणतो, हा मुलगा मी तुझ्यासाठी नेमला आहे,” असे सांगितले. मुलगा त्यांच्याच नात्यातला आहे. बहिणीचे मन घेत नाही. पण नाही म्हटले तर देवालाच नाही म्हटल्यासारखे होईल, या धास्तीने तिची झोप उडाली आहे. पाळकसाहेब म्हणतात की हे सगळे प्रेषितांच्या काळातच संपले, आणि ताई म्हणतात, “आत्म्याला विझवू नका.” म्हणून आपण विचारता की वरचढ काय मानायचे, पवित्र आत्म्याचे कृपादान (त्याने दिलेली खास देणगी, जसे संदेश देणे) की शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अधिकार, आणि त्या सभेला जाणे थांबवावे का.

मी २७ वर्षे पाळकीय सेवेत आहे आणि त्यातला बराच काळ खेड्यापाड्यांतील मराठी मंडळ्यांमध्ये गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपला प्रश्न जसा मांडला गेला आहे, तसा तो उत्तर देण्याजोगा नाही, कारण त्यात आत्मा आणि शास्त्र यांना दोन पक्षांसारखे समोरासमोर उभे केले आहे. ज्या आत्म्याने शास्त्र लिहवून घेतले, तोच आत्मा कृपादाने देतो, असे आपण सगळेच मानतो. मग त्याचे एक काम दुसऱ्या कामाच्या विरोधात कसे जाईल? आपल्या घरातली खरी अडचण वेगळी आहे. एका माणसाने उच्चारलेला शब्द देवाचाच आहे हे ठरवायचे कोणी, ते ठरेपर्यंत तो शब्द एखाद्या मुलीच्या विवेकाला बांधू शकतो का, आणि ‘याची पारख करू या’ असे म्हणणे हा देवाचा अवमान ठरतो का, हे ते तीन प्रश्न आहेत. माझ्या मते शास्त्र या तिन्हींविषयी पुरेसे स्पष्ट बोलते.

त्याआधी, परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते कबूल करतो. आपली मंडळी कोणत्या परंपरेतली आहे हे आपण लिहिलेले नाही. पेंटेकॉस्टल मंडळीत संदेश देणे हा दर आठवड्याच्या उपासनेचा भाग असतो. रोमन कॅथलिक करिश्माई प्रार्थनागटांत अशा शब्दाची पारख करण्याची जबाबदारी शेवटी धर्मगुरू व बिशप यांच्याकडे जाते आणि शास्त्राबरोबर चर्चच्या परंपरेलाही अधिकार असतो. उत्तर भारतीय चर्च (सीएनआय) सारख्या मंडळ्यांत एकाच बाकावर दोन्ही मतांची माणसे बसलेली मी पाहिली आहेत. आपले पाळकसाहेब जे म्हणतात, ते मतही हलक्यात घेण्यासारखे नाही. प्रेषितांचा पाया एकदाच घातला गेला, शास्त्र पूर्ण झाले, म्हणून त्या पायाची साक्ष देणारी अद्भुत दानेही थांबली, असे अनेक देवभीरू आणि अभ्यासू लोकांनी मानले आहे. माझी स्वतःची खात्री तशी नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘पूर्ण ते येईल’ तेव्हा संदेश संपतील असे प्रेषित पौल म्हणतो, आणि ते ‘पूर्ण’ म्हणजे प्रभूला समोरासमोर पाहण्याचा दिवस असे मी समजतो. त्यामुळे कृपादाने आजही दिली जातात असे मी मानतो. परंतु आपल्या बहिणीला जे सांगायचे आहे ते या वादाच्या निकालावर अवलंबून नाही, कारण शास्त्रात आता नवी भर पडणार नाही हे पाळकसाहेबही मानतात, मीही मानतो आणि शांतपणे विचारले तर बहुधा ताईही मानतील.

आता ज्यांना हे पत्र लिहिले त्या करिंथ शहरातल्या मंडळीकडे वळू या. पौलाने हे पत्र इ. स. ५५च्या सुमारास इफिसहून लिहिले, आणि त्या मंडळीची अडचण आपल्या सभेच्या अडचणीहून फार निराळी नव्हती. दाने भरपूर होती, पण ज्याचे दान ठळक तो मोठा, असे होऊन बसले होते. पौल दाने बंद करत नाही आणि मोकाटही सोडत नाही. बाराव्या अध्यायात तो सांगतो की प्रत्येकाला मिळालेले दान सर्वांच्या उपयोगासाठी आहे, आणि त्याच यादीत संदेश देण्याच्या शेजारीच आत्मे ओळखण्याचे दानही तो ठेवतो. हे शेजारपण मला महत्त्वाचे वाटते. बोलणे जसे कृपादान आहे, तसेच पारखणेही कृपादान आहे. ज्या सभेत पहिले आहे आणि दुसऱ्याला जागा नाही, तिथे आत्मा अर्ध्यावरच विझवला गेला आहे, असे मी म्हणेन.

चौदाव्या अध्यायात तर तो अगदी घरच्या शिस्तीचे नियम देतो. अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषा, बोलायच्या असतील तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावे. संदेश देणाऱ्यांनीही दोघातिघांनीच बोलावे आणि इतरांनी त्याचा निर्णय करावा. एकजण बोलत असताना बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झाले, तर पहिल्याने थांबावे. ‘मला आवरतच नाही, आत्माच बोलवतो’ ही सबब तो मान्य करत नाही. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असे तो स्पष्ट म्हणतो. आणि शेवटी, सदतिसाव्या वचनात, सगळ्याचा कणा येतो: जो कोणी स्वतःला संदेष्टा किंवा आत्मिक समजतो, त्याने मी जे लिहितो ते प्रभूची आज्ञा आहे हे ओळखावे. म्हणजे करिंथमधल्या प्रत्यक्ष बोलणाऱ्या संदेष्ट्यालाही प्रेषिताच्या लिखित शब्दाखाली उभे राहावे लागत होते. तिथे ही व्यवस्था होती, तर आपल्या शुक्रवारच्या सभेत ती नसावी असे कोणते कारण आहे?

‘निर्णय करावा’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्यात निवडून वेगळे करण्याचा अर्थ आहे. आपल्या आया-बहिणी दुपारी ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडतात, ते चित्र मी सभेत नेहमी सांगतो. खडे दिसले म्हणून कोणी ताट उकिरड्यावर ओतत नाही, आणि दुकानदार ओळखीचा आहे म्हणून न निवडता तांदूळ चुलीवरही चढवत नाही. ताईंनी आपल्याला सांगितलेले ‘आत्म्याला विझवू नका’ हे वचन थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि ते तिथे संपत नाही. पुढे लगेच, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा, असे येते. हे सगळे एका दमात म्हटले आहे. पाळकसाहेबांना त्यातले पहिले अर्धे ऐकावे लागेल आणि ताईंना दुसरे अर्धे.

आपल्याला सर्वांत जास्त ज्याने गोंधळवले आहे, त्याकडे आता येतो. ताईंचे दोन शब्द खरे ठरले. मग तिसरा खोटा कसा असेल? जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात न घडलेल्या गोष्टीवरून खोटा संदेष्टा ओळखावा असे आहे, पण त्याच पुस्तकाचा तेरावा अध्याय त्याच्या आधी येतो, आणि तो फार कमी लोक वाचतात. तिथे म्हटले आहे की एखाद्याने सांगितलेले चिन्ह घडूनही आले, पण तो तुम्हाला देवाच्या आज्ञेपासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नका. म्हणजे न घडणे हे खोटेपणाचे लक्षण आहे, पण घडणे हा खरेपणाचा पुरेसा पुरावा नाही. प्रभूनेही डोंगरावरच्या प्रवचनात, त्याच्या नावाने संदेश देणाऱ्या आणि महत्कृत्ये करणाऱ्या काहींना ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’ असे सांगितले जाईल, असे म्हटले आहे. मी ताईंवर हे चिकटवत नाही. त्यांचे पहिले दोन शब्द खरोखर प्रभूकडून आले असतील. परंतु खात्यावर जमा झालेला विश्वास पुढच्या प्रत्येक शब्दाची हमी होत नाही. प्रत्येक शब्द नव्याने ताटात घ्यावा लागतो.

पहिल्या राजांच्या पुस्तकात तेराव्या अध्यायात एक गोष्ट आहे, ती आपल्या बहिणीबरोबर बसून वाचावी असे मी सुचवतो. यहूदातून आलेल्या एका देवाच्या माणसाला आज्ञा होती की बेथेलात अन्नपाणी घेऊ नको. त्याने राजा यराबामाचे आमंत्रण नाकारले. मग तिथला एक म्हातारा संदेष्टा वाटेत त्याला गाठून म्हणाला, “मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, आणि देवदूताने मला सांगितले आहे की तुला घरी न्यावे.” तो खोटे बोलत होता. तरुण माणसाने राजाला नकार दिला होता, पण वयाने मोठ्या, पांढऱ्या केसांच्या, धार्मिक माणसाला नकार देणे त्याला जमले नाही, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्या मंडळ्यांतली कितीतरी तरुण मुलेमुली येतात. वडीलधाऱ्यांना नाही म्हणणे आपल्याकडे किती अवघड असते, आणि त्यावर ‘प्रभू म्हणतो’ हे शब्द आले की ते किती अशक्य होते, हे आपण जाणतोच.

मात्र आपल्या बाबतीत एक फरक आहे आणि तो नीट पाहिला पाहिजे. त्या तरुणाकडे स्पष्ट आज्ञा होती. आपल्या बहिणीने अमुक मुलाशी लग्न करावे किंवा करू नये, अशी आज्ञा शास्त्रात कुठेच नाही. तो मुलगा विश्वासणारा आणि चांगल्या चालीचा असेल तर शास्त्र या स्थळाला विरोध करणार नाही. मग शास्त्राची कसोटी इथे लावायची कशी? माझे उत्तर असे की जिथे शास्त्र आज्ञा करत नाही, तिथे मनुष्य आज्ञा करू शकत नाही, मग त्याचे कृपादान कितीही मोठे असो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल विधवेविषयी म्हणतो की तिची इच्छा असेल त्याच्याशी लग्न करण्यास ती मोकळी आहे, मात्र केवळ प्रभूमध्ये. प्रेषिताने जिथे ‘तिची इच्छा’ असे लिहून ठेवले आहे, तिथे तिची इच्छा पुसून दुसऱ्या कोणाची इच्छा देवाच्या नावाने लिहिणे, हे शास्त्राच्या वरचढ होणे आहे. आपल्या बहिणीचे मन घेत नाही, ही गोष्ट अडथळा म्हणून बाजूला सारायची नाही. पारख करताना ती हिशेबात घ्यायची आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात कैसरियातला प्रसंग याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. फिलिप्पाच्या घरी, जिथे संदेश देणाऱ्या त्याच्या चार मुली राहत होत्या, अगब नावाचा संदेष्टा आला, त्याने पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत या कमरबंदाच्या मालकाला असेच बांधतील असे सांगितले. पुढे काय होणार ते त्याने सांगितले. ‘जाऊ नको’ हे भोवतालच्या माणसांनी रडून, विनवून जोडले. पौल गेला. आणि त्या माणसांनी त्याला देवाचा अवज्ञाकारी ठरवले नाही. “प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो” असे म्हणून ती गप्प राहिली. खरा संदेशसुद्धा पौलाच्या विवेकाच्या जागी बसला नाही, त्याने पौलाला डोळे उघडे ठेवून जाण्याची तयारी दिली. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात संदेशाची फळे म्हणून उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन सांगितली आहेत. एका महिन्यापासून झोप न लागणे हे त्या यादीत नाही.

मुलगा ताईंच्याच नात्यातला आहे, याविषयी आपण कंसात एक वाक्य लिहिले आहे, पण ते कंसात राहण्यासारखे नाही. ‘दिदाखे’ नावाचे आरंभीच्या मंडळीतले एक छोटे शिक्षणपुस्तक आहे, त्यात फिरत्या संदेष्ट्यांविषयी नियम दिले आहेत. आत्म्यात बोलताना ज्याने जेवणाचे ताट मांडायला सांगितले, त्याने स्वतः त्या ताटातले खाऊ नये, खाल्ले तर तो खोटा. आत्म्यात बोलताना स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये, पण गरजूंसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नये. हे पुस्तक संदेष्ट्याला बोलता बोलता अडवायला सांगत नाही. त्याच्या चालीवरून त्याला ओळखा, असे सांगते. ते शास्त्र नव्हे, पण त्यातले शहाणपण आमच्या मंडळीच्या कमिटीने मनापासून उचलले आहे: ज्या शब्दाचा लाभ बोलणाऱ्याच्या घरात जातो, त्या शब्दाचा निर्णय त्या घराबाहेरच्या माणसांनी करावा. यात ताईंच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. आपल्या भाच्याचे किंवा पुतण्याचे भले व्हावे ही माया असतेच, आणि प्रार्थनेत मायेचा आवाज व प्रभूचा आवाज वेगळे ओळखणे मला स्वतःलाही प्रत्येक वेळी जमलेले नाही.

इथे माझ्याच सेवेतील एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते, नाहीतर हे सगळे फक्त ताईंना आवरण्यासाठी लिहिले आहे असे वाटेल. सेवेच्या तिसऱ्या वर्षी मी एका गावात होतो. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडण्याच्या आधी, मागच्या बाजूला सतरंजीवर बसलेली एक म्हातारी बाई उभी राहिली. शेतमजुरी करणारी होती, लिहिता-वाचता येत नव्हते, पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती हळू आवाजात म्हणाली, “साहेब, मला असं दिसतंय की इथं दोन भाऊ एकमेकाशी बोलत नाहीत आन् एका ताटातली भाकर खायला निघालेत.” मी तिला बसायला सांगितले. उपासना व्यवस्थेने झाली पाहिजे, असे मी म्हणालो आणि वचनही सांगितले. त्यानंतर ती सभेत कधी बोलली नाही. तीन महिन्यांनी मला कळले की शेताच्या बांधावरून दोन सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते आणि दोघेही त्या दिवशी माझ्या हातून भाकर घेऊन गेले होते.

तिचा शब्द मी शास्त्रावर घासून पाहिला असता, तर तो मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी अक्षरशः जुळला असता: वेदीपाशी दान आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर आधी जाऊन समेट कर. तिने कोणाचे नाव घेतले नव्हते, स्वतःसाठी काही मागितले नव्हते, आणि ‘प्रभू म्हणतो’ असेही म्हटले नव्हते. मी पारख केलीच नाही. माझ्या खुर्चीचा अधिकार मी वापरला आणि त्याला शास्त्राचा अधिकार असे नाव दिले. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तिने चहा केला, आणि त्या भावांसाठी आम्ही दोघांनी प्रार्थना केली. पण सभेत पुन्हा उभे राहण्याचे धैर्य मी तिला परत देऊ शकलो नाही. म्हणून शास्त्राच्या अधीन राहणे म्हणजे पाळकाच्या अधीन राहणे, असा अर्थ कोणी लावला की मी अस्वस्थ होतो. बिरुया नगरातल्या लोकांनी पौलाचे शिकवणे असेच आहे काय हे दररोज शास्त्रात शोधून पाहिले, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांची प्रशंसा करतो. पाळक, मंडळीचे वडील (तिचे जबाबदार वडीलधारे), संदेश देणारी ताई, सगळे एकाच ग्रंथाखाली उभे आहेत.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक वही सुरू केली. साधी दोनशे पानी, रेघांची. सभेत कोणी संदेश दिला की तारीख, बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि कोणते वचन त्याला आधार देते किंवा अडवते, हे मंडळीचे दोन वडील लिहितात. एक रकाना पुढे काय झाले यासाठी मोकळा असतो. एका पानावर, ‘टाकीमागच्या घरात कोणीतरी आजारी आणि एकटे आहे’ असे आहे. वडिलांनी शेरा लिहिला की यात अडवणारे काही नाही, जाऊन पाहावे. गेले, तेव्हा ताप भरलेली एक वृद्ध बाई दोन दिवसांची उपाशी सापडली. दुसऱ्या पानावर वर्षाच्या आत चर्चच्या जागेचा कागद होईल असे आहे, आणि मोकळ्या रकान्यात ‘झाले नाही, बोलणाऱ्या बंधूंशी बोललो, त्यांनी मान्य केले’ असे लिहिले आहे. ते बंधू आजही प्रार्थनेला येतात. चूक मान्य करता येते हे एकदा कळले की लोक निर्भयपणे बोलतात आणि निर्भयपणे पारखतात.

वहीबरोबर काही मर्यादाही आम्ही ठरवल्या. आपल्या सभेला त्या उपयोगी पडतील. ‘प्रभू म्हणतो’ या शब्दांऐवजी ‘मला असे वाटते, आपण पाहावे’ असे म्हणायचे. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात देव म्हणतो की ज्याला स्वप्न पडले त्याने ते स्वप्न म्हणून सांगावे, ज्याच्याजवळ माझे वचन आहे त्याने ते सत्याने सांगावे, आणि पुढे विचारतो की भुसाचा गव्हाशी काय संबंध. स्वप्न सांगायला मनाई नाही. ते वचन म्हणून सांगायला मनाई आहे. कोणाचे लग्न, पैसा, घर सोडणे किंवा औषध याविषयी कोणीही एकट्याला गाठून संदेश द्यायचा नाही. असे काही मनात आले तर आधी वडिलांना सांगायचे. औषधाचा नियम आम्ही फार कडक ठेवला आहे, कारण क्षयरोगाचा सहा महिन्यांचा कोर्स एका पाहुण्या प्रचारकाच्या शब्दावरून दुसऱ्या महिन्यात सोडून दिलेला तरुण मी पाहिला आहे. त्याला पुन्हा रक्त पडू लागले आणि पुढचे उपचार कितीतरी लांबले. प्रभूने कुष्ठरोग्याला शुद्ध केले, तेव्हासुद्धा, जाऊन याजकाला दाखव, असे सांगितले. जो खरोखर बरा झाला आहे, त्याला तपासणीचे भय नसते.

महाराष्ट्रातल्या विश्वासणाऱ्यांनी तरी आत्मा आणि शास्त्र यांच्यातून एकाची निवड करू नये, असे मला वाटते, आणि त्याचे कारण केडगावात आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जानेवारीपासून मुली आणि स्त्रिया संजीवनासाठी, म्हणजे आत्मिक जागृतीसाठी, प्रार्थना करत होत्या. जूनच्या अखेरीस ते संजीवन आले. ३० जूनच्या संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या आठव्या अध्यायावर शिकवत होत्या. मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना आपले बोलणे थांबवावे लागले. पुस्तक उघडे असताना ते घडले. पुढच्या वर्षी तिथे अन्य भाषाही बोलल्या गेल्या. आणि इतका मोठा आत्मिक अनुभव पाहिलेल्या बाईंनी आपली पुढची वर्षे कशाला दिली? हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याला. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. १९२२च्या एप्रिलमध्ये बाई वारल्या, आणि तो अनुवाद १९२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर आत्मा उतरला त्याच स्त्रियांच्या हातात शास्त्राचा शब्द न् शब्द होता. ताईंशी बोलताना हा दाखला द्यावा. त्यांना तो परका वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे. बहिणीला आधी सांगा की ताईंना नकार देणे म्हणजे प्रभूला नकार देणे नव्हे, आणि हे तिला फक्त आपण नव्हे तर पाळकसाहेबांनीही सांगावे. कृपादाने संपली असे मानत असूनही, किंबहुना तसे मानतात म्हणूनच, ते हे वाक्य निःशंकपणे म्हणू शकतात. त्यांच्याकडे ‘ताई खऱ्या की खोट्या’ हा प्रश्न घेऊन जाऊ नका. ‘माझ्या बहिणीचा विवेक कोणाच्या शब्दाने बांधला जाऊ शकतो’ हा प्रश्न घेऊन जा. पहिल्याने वाद होईल, दुसऱ्याने पाळकीय काम सुरू होईल.

ताईंकडे एकट्या जाऊ नका आणि भर सभेतही विषय काढू नका. पाळकसाहेब किंवा एखादे वडील आणि आपण, असे तिघे-चौघे त्यांच्या घरी बसा. त्यांच्या प्रार्थनेबद्दल आभार माना, कारण दोन वर्षे त्या आपल्या घरासाठी गुडघ्यावर बसल्या असतील तर ते ऋण आहे. मग विचारा की हा शब्द पारखण्यासाठी वडिलांपुढे ठेवायला आणि बहिणीला वेळ व मोकळीक द्यायला त्या तयार आहेत का. माझ्या अनुभवात सगळे काही या एका प्रश्नाच्या उत्तरावर कळते. खरे दान असलेली व्यक्ती बहुधा दुखावते, पण थोड्या वेळाने, “बघा, माझंही चुकत असेल,” असे म्हणते. त्या तसे म्हणाल्या तर सभेला जात राहा, त्यांचा मान ठेवा, आणि वहीची कल्पना त्यांच्यापुढेच मांडा. ताईच त्या वहीच्या पहिल्या राखणदार होऊ शकतील. मुलाचे स्थळ म्हणून काय ते नंतर इतर कोणत्याही स्थळासारखे पाहता येईल, आणि बहिणीचा होकार आला तर तो तिचा स्वतःचा असेल.

पण त्या म्हणाल्या की मला विचारणारे तुम्ही कोण, किंवा नकार दिला तर शाप लागेल असे काही सुचवले, तर बहिणीला त्या सभेत पाठवू नका. आपणही, वडिलांनी हे प्रकरण हाती घेईपर्यंत, दुसरीकडे प्रार्थनेला बसा. तोपर्यंत मुलाच्या घरच्यांना होकाराचा शब्द किंवा तारीख देऊ नका, साखरपुड्याची बोलणी कोणी सुरू केली असतील तर ती थांबवा, आणि रात्री बहीण जागी असेल तेव्हा तिच्याजवळ बसून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय मोठ्याने वाचा. त्यातले एकोणचाळिसावे वचन तिला स्वतःच्या तोंडाने वाचू द्या.